वांगं जालन्याचं, पीक बांगलादेशात

शेंडा व फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की लगेच वांग्यात शिरते. मग वरून कितीही फवारा, औषध आतपर्यंत पोचत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये जालन्यात उभ्या केलेल्या महिको या बियाणे कंपनीने म्हणून वांग्यातच ‘बीटी’ या जिवाणूचं क्राय१एसी जनुक घातलं. त्यातलं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्याला भोकं पाडतं. आपल्या आम्लयुक्त जठरात ते पचून जातं. ऑक्टोबर २००९मध्ये केंद्राच्या समितीने होकार दिला, फेब्रुवारी २०१०मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३मध्ये परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी लागवड झाली. अशा पिकांबद्दलची धास्ती अगदीच पोकळ नव्हे: बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी पुढे सरावलीच!