महाकाय प्राण्यांची चिमुकली अंडी

आमच्या बडोदे शहराच्या उत्तरेस बालासिनोर म्हणून एक गाव आहे. त्याजवळच्या रैयोली येथील टेकड्यांत १९८० च्या दशकाच्या आरंभी भूवैज्ञानिकांना डायनोसॉर या प्राचीन महाकाय प्राण्यांची हाडे आणि अंडी आढळली. ती अर्थातच आता पाषाणरूप झालेली आहेत.

हत्तीहूनही कितीतरी मोठ्या या प्राण्याचे अंडे केवढे असावे, असे वाचकांस वाटेल. ते जेमतेम नारळाएवढे, बहुधा १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचे, गोल असे. यात नवल नाही. अंडे फार मोठे झाले तर त्याचे कवचही जाड व्हावयास हवे; आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आतील जीवास हवा मिळणे कठीण व्हावयाचे.

ही लांब मानेची शाकाहारी डायनोसॉरे पाण्याजवळच्या मऊ भूमीत उथळ खळगे करून अंडी घालीत आणि सुसरीप्रमाणे ती मातीने झाकीत, असे संशोधक मानतात. एवढ्या अवजड मातेने कोंबडीसारखे अंड्यांवर बसणे शक्यच नव्हते. ऊब मिळे ती भूमीची. मध्यप्रदेशातील धार जिल्ह्यात अशी ९२ घरटी व २५६ अंडी सापडल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. ती इतकी लगत आहेत की माता पिलांजवळ राहत नसाव्यात.

निराधार पिलांवर काय ओढवे, हे गुजरातेतील धोली डुंगरी येथील एका शिळेने दाखविले. १९८७ साली श्री. धनंजय मोहबे यांनी तीत पिलाची हाडे असल्याचे नोंदविले. पुढे २००१ साली अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांना त्यांतच सर्पाचे मणके ओळखू आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो सर्प फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून होता. शेजारी अर्ध्या मीटरचे पिलू होते. घास घेण्यापूर्वीच चिखलाचा लोंढा आला असावा आणि भक्ष्य व भक्षक दोघेही गाडले गेले. ही घटना सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची. २०१० साली त्या सर्पास ‘सनाजे इंडिकस’ हे नाव मिळाले.

तो दगड कोणी शोभेसाठी फोडून नेला असता, तर ही हकीकत कायमची नाहीशी झाली असती. रैयोलीस २०१९ साली संग्रहालय उघडले आहे. मुलाबाळांसह ते अवश्य पाहावे. मात्र तेथील एकही खडा खिशात घालू नये. शेत नांगरताना गोल, कवचदार दगड लागल्यास तो न हलविता जाणत्यांस कळवावे, एवढेच आमचे सांगणे.