रक्तदाबाची औषधे : सेवनातील सावधगिरी

उच्च रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात मुंबईचे नाव मानाने घ्यावे लागते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, आणि आयुर्वेदास पूर्वापार ठाऊक असलेल्या या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे मात्र ते अधिक मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र खिन्नता आढळून आली. झाडपाल्याचे औषध म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपल्या घरोघरी आजही दृढ आहे, म्हणून हे येथे मुद्दाम सांगितले.

रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. त्यामुळे यंत्रावरील आकडा उतरला की ‘आता बरे झाले’ असे मानून गादीवर बसणारे आपले व्यापारी बंधू गोळी परस्पर सोडून देतात. वास्तविक तो आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो. क्लोनिडीन किंवा अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो अथवा छातीत कळा येऊ शकतात. अम्लोडिपीनने घोटे सुजतात, रामिप्रिलने कित्येकांस कोरडा खोकला लागतो. अशा वेळी डॉक्टर पर्यायी औषध देऊ शकतात.

आपल्या समाजात खरा प्रश्न व्रतांचा आहे. चौविहार पाळणाऱ्यांची रात्रीची गोळी नेमकी चुकते. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सकाळी औषध घेणारे व संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकार वा पक्षाघात यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी घेता येईल. व्रत आणि औषध यांत विरोध उरत नाही.

अठाईची गोष्ट निराळी. दिवसा केवळ उकळलेले पाणी, अन्न मुळीच नाही, आणि त्यातच लघवी वाढविणारी गोळी चालू राहिली, तर शरीरातील पाणी व क्षार घटून उभे राहताच भोवळ येते. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्यांनी अशा कोरड्या अवस्थेत मूत्रपिंडांवरही ताण पडतो. मात्रा किती कमी करावी, अथवा उपवासच टाळावा काय, हे पर्युषणापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. तिसऱ्या दिवशी घेरी आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. वैशाखात निर्मलचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जुलाब-उलट्या झाल्यासही हीच दक्षता हवी.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी गोळी रक्तदाब वाढविते आणि वरील औषधांबरोबर मूत्रपिंडांस विशेष अपाय करते. ‘कमी सोडियम’चे मीठही सरसकट सुरक्षित नव्हे, त्यातील पोटॅशियम रामिप्रिल वा टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात साचू शकते. त्यापेक्षा पापड-लोणचेच कमी करावे! घरातील लेकी-सुनांस दिवस राहिले असतील वा तशी इच्छा असेल, तर रामिप्रिल व टेल्मिसार्टन या वर्गांची औषधे गर्भास घातक ठरतात, हे डॉक्टरांच्या कानी वेळीच घालावे.

हैदराबादेस वा नागपुरास नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी येते, आणि ते नकळत दुप्पट घेतले जाते.