पाव मैलाची शर्यत आणि गिअरबॉक्स

वॉली पार्क्स यांनी १९५१ साली स्थापिलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने ज्या खेळास नियम आणि शिस्त लावून दिली, त्या अमेरिकन ड्रॅग शर्यतीत परंपरेने पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांचा सरळ रस्ता कापावयाचा असतो; आणि पल्ला इतका आखूड असल्यामुळे प्रस्थानाच्या क्षणी झालेली चूक पुढे भरून काढण्यास अवसरच उरत नाही. गिअर हाताने बदलावा की यंत्रावर सोपवावा, हा वाद याच क्षणाभोवती घुटमळतो.

मॅन्युअल मोटारीत चालक डाव्या पायाने क्लच दाबून धरतो, इंजिनाच्या फेऱ्या चढवून ठेवतो आणि प्रस्थानाचे पिवळे दिवे लागताच पाय उचलतो. तो पाय किंचित झटक्याने सुटला तर मागची चाके जागच्या जागी फिरून धूर काढतात, प्रसंगी आसही मोडतो. कचरत सुटला तर इंजिन दबते आणि क्लचच्या तबकड्या करपतात. पुढे प्रत्येक गिअर बदलताना क्षणभर शक्तीचा प्रवाह खंडित होतो, तो निराळाच. प्लिमथ मोटारी चालविणारे रॉनी सॉक्स यांचा उजवा हात चार गिअरांच्या दांड्यावर इतक्या बिनचूक चाले की त्यांचे नाव आजही या कौशल्याचे प्रमाण म्हणून घेतले जाते. परंतु असा हात लाखांत एखाद्याचाच.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंखेदार वाट्यांपैकी इंजिनाकडील वाटी तेल फेकते आणि त्या तेलाच्या माऱ्याने दुसरी फिरते. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलास योग्य दिशेने वळवीत असल्याने आरंभी इंजिनाचा पीळ सुमारे दुप्पट होऊन चाकांपर्यंत पोहोचतो. शर्यतीच्या मोटारींत याच्या जोडीस ट्रान्सब्रेक असतो: पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी गुंतवून मोटार जखडून ठेवायची आणि बटण सोडताच ती मोकळी करायची, अशी ही तजवीज. तेलाच्या घसरणीत आणि पंपात काही शक्ती वाया जाते, ही ऑटोमॅटिकविरुद्धची फिर्याद रास्त आहे. म्हणूनच शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड हा दोनच गिअरांचा, हलका आणि कमी शक्ती खाणारा गिअरबॉक्स, कारखान्याने १९७३ साली बंद करूनही शर्यतवाल्यांनी सोडला नाही.

माझ्या मते ऑटोमॅटिकचे खरे बळ वेगापेक्षा सातत्यात आहे. ब्रॅकेट शर्यतीत आपल्या मोटारीस किती वेळ लागेल हे चालकाने आधीच जाहीर करावयाचे असते, आणि त्याहून लवकर पोहोचणारा सामान्यतः बाद ठरतो. अशा ठिकाणी दर फेरीस तोच वेळ देणारे यंत्र अव्वल ठरावे, हे ओघानेच आले. याउलट प्रो स्टॉक वर्गात प्रस्थानाचा क्लच आजही टिकून आहे, तर अतिवेगवान टॉप फ्युएल मोटारींत गिअर बदलण्याची भानगडच नसून केवळ क्लचची घसरण टप्प्याटप्प्याने कमी करीत नेली जाते.

जोखीम मात्र दोन्ही प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये आहे. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर प्रस्थान करतानाच टॉप फ्युएल चालक डॉन गार्लिट्स यांचा गिअरबॉक्स फुटला, मोटार दुभंगली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्या वर्गाच्या त्या काळच्या मोटारींत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स चालकाच्या दोन पायांच्या दरम्यान असे. पुढच्याच वर्षी गार्लिट्स यांनी इंजिन आपल्या पाठीमागे बसविलेली मोटार शर्यतीत उतरवून विजय मिळविले, आणि थोड्याच वर्षांत त्या वर्गातील सर्वांनी तीच रचना स्वीकारली.