हातचे राखून लिहिलेले पेटंट

रिचर्ड आर्कराइट हा सूतकताईच्या यंत्रांवर इंग्लंडमध्ये गडगंज झालेला माणूस. १७७५ साली त्याने कापूस पिंजण्याच्या आणि पेळू करण्याच्या यंत्रांचे पेटंट घेतले, पण वर्णन इतके गुळमुळीत लिहिले की ते वाचून यंत्र उभे करणे अवघडच. परदेशी लोकांनी कल्पना पळवू नये म्हणून मुद्दाम तसे लिहिले, असे समर्थनही त्याच्या बाजूने झाले. १७८५ साली न्यायालयात ते पेटंट रद्द झाले आणि अपुरे वर्णन हे त्याचे एक ठळक कारण होते.

आपल्याकडचे बरेच संशोधक आजही आर्कराइटच्याच वाटेने जातात. पेटंट हवे, पण गोम सांगायची नाही. हा व्यवहार जमत नाही. सरकार २० वर्षांची मक्तेदारी देते ती गोम सांगण्याच्या बदल्यातच. लपवायचेच असेल तर पेटंटच्या भानगडीत न पडता ते व्यापारी गुपित म्हणून सांभाळावे.

किती सांगायचे, हे १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. शोध काय आहे, तो कसा चालतो आणि प्रत्यक्षात कसा आणायचा, हे पूर्ण आणि नेमके सांगायचे. शिवाय अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धतही उघड करायची. वाचणारा कोण, हे कलम ६४ वरून कळते: त्या क्षेत्रातले सरासरी ज्ञान आणि सरासरी कौशल्य असलेली भारतातली व्यक्ती. म्हणजे आयआयटीतला प्राध्यापक नव्हे आणि अगदी नवशिकाही नव्हे. यंत्र असेल तर चांगला फिटर डोळ्यांपुढे ठेवावा.

समजा, सिंधुदुर्गातल्या एका कारागिराने काजू बी फोडायचे यंत्र बनवले. या कामात अडचणी दोन. टरफलातले तेल हात भाजते, आणि गर तुटला की तुकड्याला भाव कमी मिळतो. बिया लहानमोठ्या असतात, त्यामुळे एकाच अंतरावर बसवलेली पाती मोठ्या बीच्या गरात घुसतात. त्याने पाते स्प्रिंगवर बसवले आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना टेकू दिले. टेकू टरफलाला लागले की पाते आणखी आत जात नाही. बी केवढीही असो, काप टरफलापुरताच राहतो.

आता हे लिहायचे कसे? ‘पाते टेकूच्या योग्य तेवढे पुढे ठेवावे’ या वाक्यात सगळा शोध हरवला. ‘योग्य’ म्हणजे किती, हेच तर त्याने खपून शोधले आहे. म्हणून लिहायचे: २ ते ४ मिलिमीटर, आणि ३ वर गर सर्वांत कमी तुटतो. मग स्प्रिंगची ताकद, पात्याच्या धारेचा कोन, बी कोणत्या बाजूने धरायची. आकृतीत प्रत्येक भागाला क्रमांक द्यायचा आणि मजकुरात शेवटपर्यंत तोच पाळायचा. पान ४ वरचा ‘टेकू’ पान ९ वर ‘आधारपट्टी’ झाला की वाचणारा दोन भाग शोधत बसतो. समजा, बिया वाफवून रात्रभर पसरून ठेवल्या तरच काप सरळ जातो, आणि हे त्याला अर्ज करतानाच ठाऊक आहे. मग ‘ही तर आमची घरची युक्ती’ म्हणून ती गाळता येणार नाही. गाळली तर पेटंट मिळाल्यानंतरही प्रतिस्पर्धी त्याच मुद्द्यावर ते रद्द करून घेऊ शकतो.

मसुदा तपासण्याची माझ्या आवडीची रीत साधी आहे: ज्याने यंत्र पाहिलेले नाही अशा फिटरला तो वाचायला द्यावा आणि तो काय विचारतो ते लिहून घ्यावे. त्याचा प्रत्येक प्रश्न म्हणजे वर्णनातले एक भोक. आधी गोपनीयतेचा करार मात्र करावा, नाहीतर शोधाचे नावीन्यच धोक्यात येते.

वर्णनानंतर येतात दावे, म्हणजे मक्तेदारीचे कुंपण. हे कुंपण वर्णनाच्या जमिनीबाहेर घालता येत नाही. सॉयर आणि मॅन या अमेरिकन जोडीने विजेच्या दिव्यासाठी कागद आणि लाकूड यांचा कोळसा वापरला, पण दावा केला सगळ्या तंतुमय पदार्थांवर. एडिसनच्या बाजूने सहा हजारांहून अधिक वनस्पती तपासल्या गेल्या तेव्हा बहुतेक निरुपयोगी ठरल्या; बांबूच्या काही जाती उपयोगी पडल्या. १८९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रुंद दावा फेटाळला. आपल्या कारागिरानेही केवळ काजूवर काम करून ‘कोणतेही कठीण कवचाचे फळ’ असा दावा केला, तर अक्रोड आणि बदाम फोडून दाखवले का, हा प्रश्न येणारच.

काही शोध शब्दांत मावतच नाहीत. नवा सूक्ष्मजीव कितीही वर्णिला तरी दुसऱ्याला तो त्यावरून तयार करता येत नाही. तिथे नमुनाच मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा लागतो. बुडापेस्ट करारानुसार अशी मान्यता असलेले एक संग्रहालय पुण्यात आहे.

घाई असेल तर आधी तात्पुरता अर्ज करून तारीख राखता येते आणि पूर्ण वर्णन १२ महिन्यांत देता येते. त्यानंतर मात्र दुरुस्तीच्या नावाखाली नवा मजकूर घुसवता येत नाही. पुढे कारागिराला पात्याची आणखी चांगली रचना सुचली, तर त्यासाठी पूरक पेटंटचा अर्ज आहे: त्याला वेगळे नूतनीकरण शुल्क पडत नाही, पण त्याची मुदत मूळ पेटंटबरोबरच संपते.