फ्रेडरिक डग्लस : तीन आत्मचरित्रे आणि एक मौन

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे मराठीच्या अध्यापकांना परिचित आहे. ते दास्य कसे होते हे जाणण्यासाठी मात्र ते भोगलेल्यांची आपबीतीच वाचली पाहिजे. अशा लेखकांत फ्रेडरिक डग्लस (१८१८-१८९५) अग्रगण्य होत.

डग्लस यांचा जन्म मेरीलँड राज्यात गुलामीत झाला. बाल्टिमोर येथे ज्या घरी त्यांना ठेवले होते, त्या घरच्या बाईने त्यांना मुळाक्षरे शिकवली. पण तिच्या पतीने ते शिक्षण बंद पाडले. तेव्हा रस्त्यावरील गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांनी त्यांच्याकडून वाचन शिकून घेतले. १८३८ साली ते उत्तरेकडे निसटले.

१८४५ साली त्यांचे पहिले आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. गुलामाने असे लिहिले यावर सहजासहजी विश्वास बसणार नव्हता. म्हणून ते स्वतः लिहिल्याचा उल्लेख शीर्षकातच आला आणि गॅरिसन व फिलिप्स या गोऱ्या पुढाऱ्यांची ग्वाही सुरुवातीला जोडली गेली. पुढे गॅरिसन यांच्याशी मतभेद झाले. १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्राला प्रस्तावना लाभली ती जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांची.

पहिल्या पुस्तकात डग्लस यांनी मालकांची खरी नावे दिली. त्यामुळे पकडले जाण्याचा धोका वाढला आणि त्यांना आयर्लंड व इंग्लंडला जावे लागले. १८४६ साली तेथील स्नेह्यांनी पैसे भरून त्यांची कायदेशीर मुक्तता केली. इतके निर्भयपणे लिहिणाऱ्या या लेखकाने आपण कसे पळालो, हे मात्र दोन्ही पुस्तकांत सांगितले नाही. ते सांगितले असते तर मदत करणारे संकटात आले असते आणि मागून येणाऱ्या गुलामांची वाट बंद झाली असती.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर १८८१ च्या ‘लाइफ अँड टाइम्स’ या तिसऱ्या आत्मचरित्रात त्यांनी सारी हकिकत दिली : खलाशाचा वेष, एका खलाशाकडून उसने घेतलेले कागदपत्र आणि आगगाडीचा प्रवास.

आत्मचरित्र शिकवताना लेखकाने काय सांगितले याकडेच बहुधा लक्ष दिले जाते. त्याने काय, किती काळ आणि कोणासाठी सांगितले नाही, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. डग्लस यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला. दुसऱ्यांचा घातला नाही.