बांधावरचा आडोसा आणि रानउंदीर : जळगाव-धुळे परिसरातील नियंत्रणाचा विचार

प्रस्तावना

शेतातील उंदरांचे नियंत्रण म्हटले की डोळ्यांसमोर येते ते जमिनीतील बीळ. सायंकाळी सर्व बिळे बुजवावयाची, दुसऱ्या दिवशी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती 'जिवंत' समजून त्यांत विषारी आमिष टाकावयाचे, ही पद्धत खानदेशातील शेतकऱ्यास परिचित आहे. ती चुकीची नाही. परंतु अपुरी निश्चित आहे. मारले किती, यापेक्षा उरलेल्यांना दडण्यास जागा किती, यावर पुढील हंगामातील उंदरांची संख्या अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या आडोशाचा विचार केला आहे.

आडोशातील रहिवासी

रावेर-यावलकडील केळीचा पट्टा आणि साक्री-शिंदखेड्याकडील कोरडवाहू शेती यांत मोठा फरक असला, तरी बांधांची स्थिती बहुतेक ठिकाणी सारखीच आढळते. वेडी बाभूळ, बोर, घाणेरी आणि त्यांच्या बुडाशी वर्षानुवर्षे साचलेले वाळके गवत. नाल्याकाठी व पाटाच्या कडेला हीच वाढ अधिक दाट होते. या दाटीत उंदीर घुबडाच्या नजरेपासून सुरक्षित राहतो आणि पीक मात्र त्याला हाकेच्या अंतरावर मिळते.

ओलिताच्या जमिनीत प्रामुख्याने आढळतो तो बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस, म्हणजे घुशीचा लहान भाऊबंद. त्याच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि आत धान्याचा साठा सापडतो. केळीचा कंद त्याने पोखरला की घड धरलेले झाड वाऱ्यात कलते. ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जातात त्या वेगळ्याच. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत टाटेरा इंडिका हा झुपकेदार शेपटीचा उंदीर असतो, तर काळ्या जमिनीच्या भेगांत मऊ केसांचा मिलार्डिया मेलटाडा राहतो.

यांपेक्षा वेगळा विचार करावा लागतो तो गोलुंडा एलिऑटी या झुडपी उंदराचा. हा बहुधा बिळावर विसंबून राहत नाही. गवताच्या तंतूंचे गोल घरटे तो झुडपात किंवा दाट गवतात बांधतो आणि गवताच्या बुडातून बोगद्यासारख्या वाटा पाडतो. एकोणिसाव्या शतकात सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांत कळ्या-फुले खाणारा 'कॉफी उंदीर' तो हाच. बिळे मोजणाऱ्या पाहणीत त्याची नोंदच होत नाही आणि बिळात टाकलेले आमिष त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

एक जुना अनुभव

ज्यांच्या नावावरून या उंदराचे नामकरण झाले, ते वॉल्टर एलियट कंपनी सरकारच्या सेवेत धारवाड भागात होते. दक्षिण मराठा प्रदेशातील सस्तन प्राण्यांची त्यांची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाऊस उशिरा किंवा कमी झाला की मिलार्डिया उंदरांची संख्या कशी वाढते, हे त्यांनी १८२६ च्या उदाहरणाने नोंदविले आहे. उंदरांनी पेरलेले बी खाल्ले आणि पुढे ज्वारीच्या ताटावर चढून कणसे तोडली. शेतकऱ्यांनी वडारांना धान्य देऊन हजारोंनी उंदीर मारविले. तथापि संख्येत जाणवण्याजोगी घट झाली नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर १८७८-७९ मध्ये दख्खनच्या पठारावर पुन्हा असाच उपद्रव झाला.

याचे कारण गूढ नाही. बॅन्डिकोटाच्या मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेताला सहा-सात किंवा त्याहून अधिक पिले होतात. मोकळी झालेली जागा आणि अन्न शिल्लक असेल, तर उरलेले उंदीर ती पोकळी काही महिन्यांत भरून काढतात.

नियंत्रणाची वेळ आणि रीत

खानदेशचा उन्हाळा येथे शेतकऱ्याच्या बाजूने उभा असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, रब्बीची दादर निघून गेलेली असते आणि शिवार उघडे पडते. अशा वेळी उंदरांना आसरा उरतो तो केळीबागा, उसाचे फड, पाटाच्या कडा आणि झुडपांनी भरलेले बांध एवढाच. पावसाळ्यानंतर सर्वत्र पसरणारी संख्या या काळात थोड्या हिरव्या बेटांत एकवटलेली असते. मोहीम तेव्हाच घेणे स्वस्त पडते. प्रत्यक्षात मात्र धावपळ सुरू होते ती कणसे भरल्यावर. तेव्हा शेतातच मुबलक खाद्य असल्याने आमिषाला कोण विचारतो?

प्रथम बांधाच्या बुडाचे गवत व वाळका पाला काढावा, केळीच्या जुन्या पानांचे ढीग हलवावेत आणि रुंद बांध शक्य तेथे अरुंद करावेत. बांध पेटवून देण्याची रीत मात्र टाळावी. आगीत बिळातील उंदीर बहुधा वाचतो. मुंगूस, धामण आणि घुबड यांचा आसरा मात्र जातो. मोठी झाडे राखून केवळ खालची दाटी विरळ करणे पुरेसे असते. हे काम करणाऱ्या मजुरांना पायांत बूट आणि पूर्ण कपडे हवेत. घोणस-फुरशांचा धोका सर्वांना ठाऊक असतो. पण उंदरांच्या अंगावरील व गवतातील चिगर माइट या सूक्ष्म कोळीवर्गीय जीवाच्या दंशाने स्क्रब टायफस होतो, याची जाणीव कमी आहे. २०१८ मध्ये विदर्भात या रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते.

आमिषाची पाळी त्यानंतर येते. झिंक फॉस्फाइड वापरावयाचे असल्यास दोन-तीन दिवस विष न घालता तेल लावलेले भरडे धान्य ठेवून उंदरांना त्याची सवय लावावी लागते. एरवी थोडे खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. या विषावर विशिष्ट उतारा नाही, त्यामुळे घरात ते उघडे ठेवणे जिवावर बेतू शकते. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे काही दिवसांनी परिणाम करतात, म्हणून उंदरांत संशय निर्माण होत नाही. उतारा म्हणून के-१ जीवनसत्त्व उपलब्ध असते. तथापि विषबाधित उंदीर खाणारे घुबडही मरू शकते, म्हणून मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. झुडपी उंदरासाठी आमिष बिळात न टाकता त्याच्या गवतातील वाटांवर, पक्षी व जनावरे पोहोचणार नाहीत अशा झाकलेल्या नळकांड्यात ठेवावे.

खरी अडचण हद्दीची आहे. शेतकरी आपला बांध साफ करील. पाटाची कड, नाल्याचा काठ आणि रस्त्यालगतची पट्टी कोणाची? एकाने मोहीम घेतली आणि शेजाऱ्याने घेतली नाही, तर काही आठवड्यांतच शेजारचे उंदीर मोकळ्या बिळांत येऊन राहतात. म्हणून संपूर्ण शिवाराची मोहीम मृगापूर्वी एकाच आठवड्यात घ्यावी लागते आणि तिची सुरुवात या बेवारस पट्ट्यांपासून करावी लागते.