मधले मिलिमीटर : जुन्या मॅन्युअल लेन्सविषयीचे समज आणि वस्तुस्थिती

ज्या लेन्सचा फोकस आणि ॲपर्चर ही दोन्ही हाताने फिरवून ठरवावी लागतात, अशी जुनी मॅन्युअल लेन्स दुसऱ्या कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यावर चालेल की नाही, याचे उत्तर बहुतेक जण दोहोंच्या जोडणीच्या आकारात शोधतात. ॲडॅप्टर, म्हणजे दोन माउंटांमधली धातूची कडी, घट्ट बसला आणि लेन्स डगमगेनाशी झाली की काम झाले, असे मानले जाते. वास्तविक आकाराचा प्रश्न लेथवर काम करणारा कोणताही कुशल कारागीर सोडवू शकतो आणि खरी अडचण असते ती अंतराची.

कॅमेऱ्याच्या ज्या कडीवर लेन्स टेकते ती कडी आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातील अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. ते प्रत्येक माउंटसाठी कायमचे ठरलेले असते आणि लेन्सवरची अनंताची खूण तेवढेच अंतर गृहीत धरून कोरलेली असते. ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एस या १९४९ च्या कॅमेऱ्याबरोबर बाजारात आलेला आणि पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा अनेक कॅमेऱ्यांनी स्वीकारलेला एम ४२ हा आट्यांचा माउंट घेतला, तर त्याचे फ्लँज अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे. निकॉनच्या १९५९ पासून चालत आलेल्या एफ माउंटचे ४६.५, तर कॅननच्या १९८७ च्या ईएफ माउंटचे ४४ मिलिमीटर आहे. लेन्सचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल तर मधली पोकळी ॲडॅप्टरने भरून काढता येते. कमी असेल तर लेन्सला कॅमेऱ्याच्या पोटात शिरावे लागेल आणि ते बहुधा शक्य नसते. म्हणूनच एम ४२ लेन्स कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यावर जेमतेम दीड मिलिमीटरच्या कडीने बसते, पण निकॉनच्या एफ कॅमेऱ्यावर तीच लेन्स दिसायला नीट बसूनही दूरचे दृश्य स्पष्ट दाखवत नाही.

हे ‘दूरचे’ म्हणजे किती, हे साध्या गणिताने काढता येते. निकॉनवर एम ४२ लेन्स तिच्या ठरलेल्या जागेपेक्षा निदान १.०४ मिलिमीटर पुढे राहते. नाभीय अंतराच्या वर्गाला या आकड्याने भागले आणि त्यात नाभीय अंतर मिळवले की फोकसची सर्वांत दूरची मर्यादा मिळते. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी ती सुमारे अडीच मीटर येते, १३५ मिलिमीटरच्या लेन्ससाठी साडेसतरा मीटरच्या आसपास, आणि २८ मिलिमीटरच्या, म्हणजे मुख्यतः निसर्गदृश्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या लेन्ससाठी, अवघी पाऊण मीटरच्या थोडी पुढे. ॲडॅप्टरची स्वतःची जाडी धरली की या मर्यादा आणखी जवळ येतात. व्यक्तिचित्रे आणि फुलांचे जवळून फोटो काढणाऱ्याला ५० मिलिमीटरची अशी लेन्स चालून जाईल, परंतु तिने डोंगर टिपता येत नाहीत याचा दोष लेन्सच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. यावर तोडगा म्हणून आतमध्ये दुरुस्तीचे भिंग बसवलेले ॲडॅप्टर विकले जातात. त्यांनी अनंतापर्यंतचा फोकस परत मिळतो, पण स्वस्त भिंगामुळे ॲपर्चर पूर्ण उघडे असताना चित्र मऊ पडते.

आकारावर विसंबण्याचा धोका सर्वांत ठळकपणे दिसतो तो ३९ मिलिमीटरच्या आट्यांमध्ये. जुन्या लाइका रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचे आणि सुरुवातीच्या झेनिट कॅमेऱ्यांचे आटे एकाच व्यासाचे व जवळजवळ एकाच पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधल्या जवळपास सारख्याच अंतराचे, असल्याने एकीकडची लेन्स दुसरीकडे सहज फिरून बसते. मात्र लाइकाचे फ्लँज अंतर २८.८ आणि झेनिटचे ४५.२ मिलिमीटर असल्यामुळे या सहज बसण्याला काही अर्थ उरत नाही. उलट एम ४२ आणि दुर्बिणींच्या जोडणीत आजही वापरला जाणारा टी माउंट यांचा व्यास सारखाच, ४२ मिलिमीटर आहे, परंतु पहिल्याची पिच १ मिलिमीटर तर दुसऱ्याची ०.७५ मिलिमीटर आहे. एखाद-दुसरा वेढा घेऊन लेन्स अडली की पुष्कळ जण जोर लावतात आणि मऊ ॲल्युमिनियमचे आटे कायमचे झिजवून बसतात.

आरसा काढून टाकलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी हे गणित पालटले. २००८ साली पॅनासॉनिकचा जी १ आला आणि पुढच्या काही वर्षांत सोनी, फुजीफिल्म, कॅनन व निकॉन यांनी १६ ते २० मिलिमीटर इतक्या कमी फ्लँज अंतराचे माउंट आणले. सोनीच्या ई माउंटवर एम ४२ लेन्ससाठी साडेसत्तावीस मिलिमीटरची पोकळी शिल्लक राहते, जी रिकाम्या नळीने भरता येते. कॅननने १९८७ मध्ये माउंट बदलल्यावर पोरक्या झालेल्या एफडी लेन्सना, ज्यांचे ४२ मिलिमीटरचे अंतर कॅननच्याच ईएफ कॅमेऱ्यांना अपुरे पडत होते, त्यामुळेच पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. येथे एक उलटी गंमतही आहे: साठ वर्षांपूर्वीची लेन्स साध्या नळीवर पूर्णपणे वापरता येते, पण तिच्याहून कितीतरी नवी ईएफ लेन्स तशा नळीवर निम्मी निकामी ठरते, कारण तिचे ॲपर्चर विजेच्या संकेतांशिवाय हलत नाही.

‘ॲडॅप्टरने चित्राचा दर्जा घसरतो’ हे विधान अशा रिकाम्या नळीला लागू पडत नाही, कारण प्रकाशाच्या वाटेत काचच नसते. तरीही नळीच्या लांबीतील चूक महागात पडते. ती केवळ ०.०५ मिलिमीटर जास्त भरली तरी ५० मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस पन्नास मीटरवर अडकतो आणि २४ मिलिमीटरच्या लेन्सचा साडेअकरा मीटरवर. म्हणून उत्पादक नळी मुद्दाम किंचित आखूड ठेवतात आणि परिणामी अनंताची खूण येण्याआधीच दूरचे दृश्य स्पष्ट होते. हा लेन्सचा दोष नव्हे. मात्र ज्या लेन्समध्ये फोकस बदलताना आतल्या भिंगांमधले अंतरही बदलते, उदाहरणार्थ निकॉनची १९६७ ची २४ मिलिमीटर एफ २.८, त्यांच्याबाबतीत आखूड नळीमुळे हा मेळ थोडा बिघडतो आणि त्याचा परिणाम चित्राच्या कोपऱ्यांत दिसतो. नळीचा आतला भाग चकाकता असेल तर परावर्तित प्रकाशाने चित्र फिके पडते. त्यावर काळ्या मखमली कागदाचे अस्तर पुरते.

कोपऱ्यांतील धूसरपणाचे दुसरे कारण सेन्सरवरच्या काचेत असते. फिल्मपुढे काच नव्हती, सेन्सरपुढे असते, आणि तिरकस किरण तिच्यातून जाताना सरकतात. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या रुंद कोनाच्या लेन्सचे मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ असल्याने त्यांना याचा फटका बसतो. आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीच्या रुंद लेन्सना आरशाला जागा सोडावी लागे. अँजेन्यू कंपनीच्या १९५० च्या ३५ मिलिमीटर लेन्सपासून रूढ झालेल्या त्या रचनेत किरण सेन्सरवर बरेच सरळ येतात आणि त्रास कमी होतो. ‘जुनी रुंद लेन्स डिजिटलवर चालत नाही’ असे सरसकट म्हणणे म्हणून चुकीचे ठरते.

एपीएस-सी, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स ‘७५ मिलिमीटरची होते’ हे वाक्य आता म्हणीसारखे झाले आहे. नाभीय अंतर हा लेन्सचा स्वतःचा गुण असून तो कॅमेऱ्याने बदलत नाही. लहान सेन्सर मधला भागच टिपतो, त्यामुळे दृष्टिक्षेत्र ७५ मिलिमीटरच्या लेन्सइतके अरुंद दिसते. या भेदाचा प्रत्यक्ष परिणाम कॅमेऱ्याच्या कंपनिवारक यंत्रणेत दिसतो. मॅन्युअल लेन्सचे नाभीय अंतर तिथे हाताने भरावे लागते, आणि गुणाकार करून ७५ भरणाऱ्याचा सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलून चित्र उलट अस्पष्ट करतो. तेथे लेन्सवर कोरलेला आकडाच भरायचा असतो.

जुन्या बाजारातून घेतलेली एम ४२ लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावल्यावर ॲपर्चरची कडी कितीही फिरवली तरी पाती हलत नाहीत आणि विक्रेत्याने फसवले असे वाटू लागते. अशा वेळी लेन्सच्या मागच्या बाजूची बारीक खीळ बोटाने दाबून पाहावी. स्वयंचलित एम ४२ लेन्समध्ये पाहताना ॲपर्चर उघडे राही आणि फोटो निघण्याच्या क्षणी कॅमेरा ही खीळ दाबून ते मिटवी. आतून ओठ नसलेला ॲडॅप्टर ती दाबत नाही, एवढेच. ओठ असलेला ॲडॅप्टर घेतला, किंवा लेन्सवर मॅन्युअलचा खटका असला आणि तो सरकवला, की पाती लगेच मिटतात. हेलिओस ४४-२ सारख्या त्याआधीच्या धर्तीच्या लेन्समध्ये अशी खीळच नसते. तिथे एका कडीने मर्यादा ठरवून दुसरीने हाताने ॲपर्चर मिटवायचे असते.

याच हेलिओसच्या भोवऱ्यासारख्या पार्श्वभूमीबद्दल बरीच भाबडी चर्चा होते. झाइसच्या बियोटार रचनेवरून सोव्हिएत कारखान्यांनी बनवलेल्या या लेन्समध्ये कडेच्या प्रकाशबिंदूंचा आकार लेन्सच्या नळीमुळे कापला जाऊन मांजराच्या डोळ्यासारखा होतो आणि हे लंबगोल केंद्राभोवती रचल्यासारखे दिसतात. त्यासाठी ॲपर्चर पूर्ण उघडे हवे, विषय जवळ आणि झाडोरा काही अंतरावर हवा. लहान सेन्सरवर कडाच कापल्या जात असल्याने भोवरा फारसा उरत नाही.

किरणोत्सर्गी लेन्सची भीती मात्र निव्वळ कल्पित नाही. असाही पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर एफ १.४ ताकुमारच्या सात भिंगांच्या आवृत्तीत अपवर्तनांक वाढवण्यासाठी थोरियम ऑक्साइड मिसळलेली काच आहे. सामान्य वापरात तिचा धोका नगण्य असतो. ती काच फोडू किंवा घासू नये, कारण तिची धूळ पोटात वा फुप्फुसात जाणे घातक आहे. किरणोत्साराने काचेत आलेला पिवळेपणा अतिनील प्रकाशात ठेवल्याने बराच उतरतो, आणि तो उतरला म्हणजे किरणोत्सार गेला असा नवा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या पावसाळ्यात जुन्या लेन्सचा खरा शत्रू बुरशी असतो. बुरशी धरलेली लेन्स शेजारच्या लेन्सला ‘लागते’ असे सांगतात. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, ते रुजतात की नाही हे दमटपणा ठरवतो. ओलावा धरून ठेवणारी चामड्याची मूळ पेटी बाजूला ठेवून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणे हा सोपा उपाय आहे. विकत घेताना मागून विजेरी धरून आत पाहावे: पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा किंवा आतली धूळ चित्रात बहुधा दिसत नाही, पण बुरशीने कोटिंग खाल्ले असेल तर साफसफाईनंतरही ते परत येत नाही, आणि तो डाग सर्वांत मागच्या भिंगावर असेल तर ती लेन्स स्वस्तातही घेऊ नये.